रुग्णाचं बोलणं टीममध्ये किती फिरावं?

संपादक महोदय,

मनोरुग्णाचे उपचार आता एकट्या डॉक्टरवर राहिलेले नाहीत, हे चांगलंच झालं. प्रशिक्षण दिलेले समुपदेशक सरकारी आरोग्य केंद्रांतल्या नैराश्याच्या रुग्णांना बरं व्हायला मदत करतात, हे गोव्यातल्याच ‘मानस’ प्रयोगात दिसलं. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये छापून आले. पण माणसं वाढली, तशा रुग्णाचं बोलणं बाहेर पडायच्या वाटाही वाढल्या.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २३ उपचार करणाऱ्या इतरांना माहिती देऊ देतं, ती उपचारासाठी. प्रत्यक्षात केस पेपरचा फोटो सरळ व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो. लिथियम हे मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध घेणाऱ्या रुग्णाचं तपासणीसाठी रक्त काढणाऱ्या परिचारिकेला एवढंच हवं असतं: शेवटची गोळी घेऊन १२ तास झाले का, उलट्या-जुलाब किंवा हातांना कंप आहे का, अंगदुखीवर ब्रुफेन तर घेतली नाही ना (तिने रक्तातलं लिथियम वाढतं). लहानपणी अत्याचार कुणी केला, हे तिला कशाला? गंमत म्हणजे ग्रुपवर तोच तपशील सगळे वाचतात आणि ब्रुफेनचं विचारायचं राहून जातं. त्यात आपला गोवा एवढासा. केंद्रातली कर्मचारी रुग्णाच्या भावजयीची शेजारीण निघायला वेळ लागत नाही.

नोंदी दोन ठिकाणी ठेवाव्यात. निदान, औषधं, मात्रा, धोक्याची लक्षणं, पुढची तारीख हे उपचार करणाऱ्यांसाठी. समुपदेशनातलं बोलणं वेगळ्या फाइलमध्ये, कुलपात. ग्रुपवर फक्त फाइल नंबर आणि ‘फोन करा’. बदली झालेल्याला त्याच दिवशी ग्रुपमधून काढावं. हे सहसा कुणाच्या लक्षातच येत नाही.

‘कुणालाच सांगणार नाही’ असा शब्द मात्र रुग्णाला देऊ नये. जिवाला धोका दिसला तर कुणाला कळवावं लागेल, ते पहिल्या भेटीतच सांगावं. आणि तशी वेळ आली की ग्रुपवर टाकून मोकळं होऊ नये. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने बघितलं असेल. एकाच माणसाला नाव घेऊन फोन करावा, त्याने ‘मी बघतो’ म्हटल्यावर वेळ लिहून ठेवावी. रात्री तो माणूस कोण, हे ड्युटीच्या तक्त्यात आधीच असायला हवं. आरोग्य खात्याने निदान एवढा तक्ता प्रत्येक केंद्रात लावावा.

— मानसिक आरोग्य क्षेत्रातले काही कर्मचारी, फोंडा