पाहिलेले आणि ऐकलेले

कोल्हापूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन पंधरा दिवस झाले. लगेच उत्तर लिहिले नाही, कारण तू विचारलेला प्रश्न गेली अनेक वर्षे माझ्याही मनात घर करून आहे आणि दोन ओळींत त्याची बोळवण करणे मला प्रशस्त वाटले नाही. तू लिहितोस की महायुद्धातल्या माणसांच्या आठवणी वाचून दाखवल्या की वर्ग चिडीचूप होतो, काही मुलांच्या डोळ्यांत पाणी येते, आणि आठवड्याने विचारले तर कोणालाही धड काही सांगता येत नाही; मग या आठवणी शिकवायच्या तरी कशा, असे तू विचारतोस. माझ्याही वर्गात नेमके हेच होत असे.

नोकरीच्या सुरुवातीला मी सगळे फळ्यावरच शिकवत असे. २८ जून १९१४ ला साराजेव्होमध्ये ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून, मग एकमेकांत गुंतलेले करार, व्हर्सायचा तह, हिटलरचा उदय, १ सप्टेंबर १९३९ ला पोलंडवर हल्ला. फळा भरून जाई, मुले कारणे आणि परिणाम मुद्देसूद पाठ करत आणि उत्तरपत्रिकेत उतरवत. युद्ध ही माणसांवर ओढवलेली गोष्ट आहे, याचा मागमूसही त्या उत्तरांत नसे. म्हणून मी वाचनाकडे वळलो आणि बहुतेक शिक्षकांप्रमाणे, नाझींपासून लपून राहिलेल्या ॲन फ्रँक या ज्यू मुलीच्या रोजनिशीपासून सुरुवात केली. १२ जून १९४२ ला, तेराव्या वाढदिवशी तिला मिळालेली वही, त्यानंतर महिन्याभरातच ॲमस्टरडॅममधल्या इमारतीच्या मागच्या भागात लपणे, ४ ऑगस्ट १९४४ ची अटक आणि १९४५ च्या सुरुवातीला बर्गन-बेल्सनच्या छावणीत झालेला मृत्यू. मुले ऐकत, हळहळत, आणि तास संपला की डबा खायला जात. त्यांचा काही दोष नव्हता. ऐकून घेणे एवढेच काम मी त्यांना दिले होते.

एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, आपली वही कोणीतरी वाचणार आहे, हे तिला माहीत होतं का?” मला उत्तर आले नाही. घरी जाऊन शोधले तेव्हा कळले की २८ मार्च १९४४ ला लंडनहून बोलणाऱ्या रेडिओ ओरान्येवर निर्वासित डच सरकारच्या एका मंत्र्याने, लोकांच्या रोजनिश्या आणि पत्रे युद्धानंतर जमा केली जातील, असे सांगितले होते. ॲनने ते ऐकले आणि त्या मे महिन्यात आपली रोजनिशी सुट्या कागदांवर नव्याने लिहायला घेतली. काही मजकूर तिने गाळला, काही बदलला, काही आठवून नव्याने घातला. म्हणजे कितीतरी दिवसांबद्दल तिचे दोन खर्डे आहेत, एक स्वतःसाठी लिहिलेला आणि एक वाचकासाठी. दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगितले, तर एक मुलगा म्हणाला, “म्हणजे तिनं खोटं लिहिलं?” त्यावरून पुढचा अख्खा तास वादात गेला. शेवटी एकीने सांगितले की मी मामाला पत्र लिहिते तेव्हा घरातले भांडण लिहीत नाही, पण म्हणून पत्रात खोटे असते असे नाही. त्या वर्षीच्या मुलांना ॲन फ्रँक वर्षअखेरपर्यंत स्वच्छ आठवत होती, कारण त्यांनी तिच्याबद्दल काहीतरी स्वतः ठरवले होते.

तेव्हापासून मी एकच धोरण धरले आहे. साक्षीदाराचे म्हणणे नुसते ऐकून घेतले तर त्याचा मान राखला जात नाही. तू हे कोणासाठी सांगितलेस, कोणाच्या देखत सांगितलेस, स्वतः पाहिलेस की ऐकलेस, हे त्याला विचारावे लागते. काही सहकाऱ्यांना हे निष्ठुरपणाचे वाटते. मला तसे वाटत नाही.

पहिल्या महायुद्धासाठी मी फ्रान्समधून हिंदी सैनिकांनी घरी पाठवलेली पत्रे घेतो. १९१४ च्या सप्टेंबरअखेरीस आपल्या तुकड्या मार्सेयला उतरल्या आणि लवकरच त्यांची टपाल तपासणारी कचेरी सुरू झाली. आज जे वाचायला मिळते ते बहुतांशी त्या कचेरीने इंग्रजीत उतरवून अहवालांना जोडलेले उतारे आहेत. पत्र उघडले जाणार हे सैनिकांना ठाऊक होते, म्हणून काही जण काळी मिरी आणि लाल मिरची यांच्याबद्दल लिहीत. मी पहिल्यांदा काही न सांगता असा एक उतारा वाचतो. गेल्या वर्षी किराणा दुकान असलेल्या घरातल्या एका मुलाने गंभीरपणे सांगितले की हा मिरीचा व्यापारी दिसतो आणि त्याचा माल संपत आला आहे. मग मी सांगतो की काळी मिरी म्हणजे हिंदी सैनिक आणि लाल मिरची म्हणजे गोरे. तेच वाक्य पुन्हा वाचले की वर्गात जी शांतता पसरते, ती पूर्वीच्या हळहळीपेक्षा फार वेगळी असते. तपासनिसांनाही ही मिरी कळली होती, म्हणून तर तो उतारा अहवालात जाऊन टिकला.

त्यानंतर फळ्यावर त्या पत्राचा प्रवास काढायचा. सांगणारा सैनिक, पुष्कळदा त्याच्या वतीने लिहिणारा दुसराच कोणी, तपासनीस, इंग्रजी भाषांतर करणारा, आणि शेवटी त्याचे मराठी करणारा मी. प्रत्येक हाताखाली काय निसटले असेल, ते मुलांनी सांगायचे. माझ्या हाताखालीही काही निसटले असणार, हे मी त्यांना आवर्जून सांगतो.

आवाजाचेही एक उदाहरण सांगतो. बर्लिनजवळच्या व्यून्सडोर्फ येथील छावणीतल्या युद्धकैद्यांचे आवाज जर्मन भाषातज्ज्ञांनी तबकड्यांवर उतरवून घेतले. ११ डिसेंबर १९१६ ला मल्ल सिंग नावाचा पंजाबी शिपाई त्या यंत्रासमोर बोलला. हिंदुस्थानात लोणी खाणारा, दूध पिणारा एक माणूस होता, तो युरोपच्या युद्धात आला आणि जर्मनांच्या हाती सापडला, असे तो सांगतो. ‘मी’ न म्हणता ‘तो माणूस’ म्हणतो. पकडून ठेवणाऱ्याच्या यंत्रासमोर स्वतःचे दुःख असे परक्याचे करून का सांगावे लागले असेल, यावर मुले इतके बोलतात की मला गप्प बसावे लागते.

आता कोल्हापूरजवळच्या आमच्या वळिवड्याबद्दल, कारण तुझ्या प्रश्नाचे खरे उत्तर मला तिथे सापडले. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक स्त्रिया आणि मुले. आमच्या मुलांना तो भाग गांधीनगर म्हणून ठाऊक आहे, दिवाळीच्या कापडखरेदीला सगळे तिथेच जातात. पोलिश लोक गेल्यावर त्याच छावणीत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे आली आणि त्यांनी ती बाजारपेठ उभी केली, हे बहुतेकांना प्रथमच कळते. गेल्या वर्षी आम्ही सायकलींवरून तिकडे गेलो आणि नव्वदीच्या एका आजोबांना भेटलो, जे लहानपणी वडिलांबरोबर छावणीत भाजी घेऊन जात. मुलांना मी वहीच्या पानावर दोन रकाने आखायला लावले होते. एकात आजोबांनी स्वतः पाहिलेले, दुसऱ्यात त्यांनी इतरांकडून ऐकलेले.

पहिला रकाना भराभर भरला. रांगेतल्या बराकी, दारापुढे लावलेली फुलझाडे, रविवारी चर्चला निघालेल्या बायका, मोडक्या मराठीत भाजीचा भाव करणारी एक बाई, जिने एकदा त्यांना लोकरीचा पायमोजा दिला. तो एकच होता, दुसरा हरवला होता, तरी तो आईने कित्येक वर्षे ट्रंकेत जपून ठेवला. हे सांगताना आजोबांनी मोज्याची लांबी स्वतःच्या हातावर मोजून दाखवली, मनगटापासून थेट कोपरापर्यंत.

दुसऱ्या रकान्यात एक वाक्य होते, “हिटलरनं त्यांना देशाबाहेर घालवलं.” शाळेत परतल्यावर आम्ही ते पडताळून पाहिले, तर गोष्ट निराळीच निघाली. वळिवड्यातले बहुतेक लोक पूर्व पोलंडचे होते. १९३९ च्या सप्टेंबरात तो भाग सोव्हिएत फौजांनी घेतला आणि १९४० च्या फेब्रुवारीपासून तिथल्या कुटुंबांना मालगाड्यांत कोंबून सैबेरियाकडे आणि कझाकस्तानात नेण्यात आले. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केला, पोलंडच्या निर्वासित सरकारशी स्टालिनने करार केला आणि हे लोक सुटले. १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून ते इराणात पोहोचले आणि तिथून पुढे हिंदुस्थानात आले. आजोबा खोटे बोलले नव्हते, गावात जे बोलले जात होते ते त्यांनी सांगितले. आणि रशिया तेव्हा दोस्त राष्ट्रांच्या बाजूने लढत असल्यामुळे ही हकीकत मोठ्याने सांगणे ब्रिटिशांना सोयीचे नव्हते, हेही मुलांच्या ध्यानात आले.

मग एका मुलाने विचारले, “लढाई १९४५ ला संपली की ओ सर, मग ती माणसं आपल्या घरला का गेली न्हाईत?” नकाशा काढला. दोस्त राष्ट्रांच्या नेत्यांच्या याल्टा येथील बैठकीनंतर पोलंडची सीमा पश्चिमेकडे सरकली होती आणि त्यांची गावे सोव्हिएत संघात गेली होती. घर होते तिथेच होते, देश सरकला होता. पुष्कळ जण इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला गेले. हा मुलगा परीक्षेत काठावर पास होणारा आहे, पण त्या दिवशी तो नकाशापुढून हलेना.

तुझ्या गावाविषयी एक सुचवतो. माणगावला यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे हे नाईक १० जुलै १९४४ ला इटलीत शत्रूच्या मशीनगनवर एकटे चालून गेले आणि तिथेच पडले, वय २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच्या मानपत्रातले वर्णन मुलांना वाचून दाखव आणि मग विचार, हे कोणी लिहिले, आणि घाडगे यांना स्वतःला बोलता आले असते तर यात काय वेगळे असते? फक्त ‘मी सैनिक असतो तर’ असा निबंध मात्र लिहून घेऊ नकोस. मी तो पाच-सहा वर्षे लिहून घेतला आणि आता बंद केला, कारण त्यात मुले सिनेमातली वाक्ये लिहितात आणि जे खरेच तिथे होते त्यांचा आवाज त्याखाली दबून जातो. त्यापेक्षा पेन्शनीची जुनी कागदपत्रे किंवा बोटीवर नोकरी केलेल्या आजोबा-पणजोबांची कागदपत्रे कोणाच्या घरी आहेत का, याची चौकशी करायला त्यांना पाठव. कोकणातली कितीतरी माणसे व्यापारी जहाजांवर होती आणि त्या युद्धात बुडालीही. रायगडात अशी घरे सापडतील याची मला खात्री आहे.

आमच्या वह्यांच्या झेरॉक्स या पत्रासोबत पाठवतो आहे. रकाने कसे आखले ते त्यात दिसेल. परवा वह्या तपासताना एका मुलीने कोपऱ्यात लिहिलेले वाचले की आपण आजोबांना सगळे विचारले, पण त्या मोजेवाल्या बाईचे नाव कोणीच विचारले नाही. येत्या शनिवारी अर्धी शाळा सुटली की आम्ही पुन्हा वळिवड्याला जाणार आहोत. आजोबांची तब्येत हल्ली बरी नसते, म्हणून या वेळी तिघे-चौघेच.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उत्तर सावकाश लिही, पण लिही.

तुझा,
जुना बाकमित्र