येतानाही अर्धा, जातानाही अर्धा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या मनोरंजनाच्या पानावर अगदी कोपऱ्यात चार ओळींची बातमी होती, की 'डॉक्टर हू' या ब्रिटिश सायन्स फिक्शन मालिकेचा नायक शुटी गाटवा मालिका सोडून गेला, त्याच्या जागी बिली पायपर आली, आणि पुढचा भाग थेट 2026 च्या नाताळात. चार ओळी छापल्या याचाच आनंद, कारण आमच्यासारख्यांची आवड सहसा तेवढ्यालाही लायक समजली जात नाही. पण त्या चार ओळी वाचून जी चुटपुट लागली ती काही जाईना, म्हणून हे पत्र. थोडं लांबणार आहे, कात्री चालवलीत तरी राग नाही.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. निळ्या पोलीस बॉक्ससारख्या दिसणाऱ्या यानातून, म्हणजे टार्डिसमधून, काळात आणि अवकाशात भटकणारा एक परग्रहवासी, नाव फक्त डॉक्टर. पहिला भाग लागला 23 नोव्हेंबर 1963 ला, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्याच दिवशी, लोकांचं लक्ष कुठे होतं ते सांगायला नको, म्हणून पुढच्या आठवड्यात दुसऱ्या भागाच्या आधी बीबीसीने पहिला भाग परत दाखवला. त्या पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा, हे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी समोरचा म्हणतो, खरंच?

तर असा हा शो साठ वर्षं कसा टिकला? नायक जाऊ शकतो म्हणून. बाकी मालिकांत नायक गेला की लेखकांची धावपळ होते, अपघात घडवा, परदेशी पाठवा, प्लास्टिक सर्जरी करा. इथे 1966 साली पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेलची तब्येत ढासळली, डायलॉग लक्षात राहीनात, तेव्हा निर्मात्यांनी डोकं चालवलं की हा माणूस नाहीच ना, परग्रहावरचा आहे, मग शरीर थकलं की कात टाकू दे ना त्याला. हार्टनेलला टार्डिसच्या फरशीवर झोपवलं, त्याच जागी पॅट्रिक ट्राउटनला झोपवलं आणि एक चेहरा दुसऱ्यात विरघळवला. त्याला रिजनरेशन हा शब्दसुद्धा नंतर, 1974 मध्ये मिळाला. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली, दुःखच) तो भागच आज अस्तित्वात नाही, जुन्या टेप पुसून परत वापरायची त्या काळी पद्धत होती त्यात गेला, चेहरा बदलतो तो छोटासा तुकडा उरला कारण लहान मुलांच्या एका कार्यक्रमाने तो वापरला होता. म्हणजे पहिलावहिला निरोपच हरवलेला.

तेव्हापासून निरोप हा या मालिकेचा सण झालाय असं म्हटलं तरी चालेल. रडायचं, चिडायचं, नवीन आलेल्याला नाकं मुरडायची, "हा कसला डॉक्टर" म्हणायचं, आणि सहाव्या सातव्या भागाला गुपचूप त्याच्या प्रेमात पडायचं. मी 2005 पासून बघतेय, हे सगळं स्वतः केलंय. ख्रिस्तोफर एकल्सटन तेरा भाग करून गेला, पहिला भाग लागून आठवडा व्हायच्या आत तो सोडतोय ही बातमी फुटली, बीबीसीने त्याच्या तोंडी घातलेलं कारण त्याला न विचारताच छापलं आणि नंतर माफी मागितली, सगळा गोंधळ. तरी पडद्यावर त्याला जाताना हसत, ताठ उभं राहून जाता आलं. डेव्हिड टेनंटने 2008 मध्ये एका पुरस्कार सोहळ्यात, हॅम्लेटच्या प्रयोगाच्या मध्यंतरात थेट प्रक्षेपणातून सांगितलं की मी जाणार, म्हणजे आम्हाला वर्षभर आधी मनाची तयारी करायला मिळाली, आणि जाताना तो एकेका जुन्या सोबत्याला भेटून आला. शेवटी म्हणाला मला जायचं नाहीये. 1 जानेवारी 2010, नवीन वर्षाच्या पहिल्याच दिवशी कोणी एवढं रडवतं का हो? मॅट स्मिथने बो टाय काढून खाली टाकला. जोडी व्हिटेकर टार्डिसच्या छतावर बसून मैत्रिणीसोबत आईस्क्रीम खाऊन गेली.

वाईट निरोपही झाले, नाही असं नाही. कॉलिन बेकरला 1986 मध्ये काढूनच टाकलं, वर म्हणाले फक्त चेहरा बदलायच्या कथेपुरता ये, तो म्हणाला जा, मग सिल्व्हेस्टर मॅकॉयलाच कुरळा सोनेरी विग घालून पालथा पाडला. ते बघून आजही हसू येतं आणि थोडी लाजही वाटते.

आता गाटवाचं बघा. रवांडात जन्मलेला, स्कॉटलंडमध्ये वाढलेला, मुख्य भूमिकेतला पहिला कृष्णवर्णीय डॉक्टर (अभिनेत्री जो मार्टिन आधी येऊन गेली होती, पण तिला पाहुणी म्हणूनच वापरलं). पहिल्यांदा दिसला 9 डिसेंबर 2023 ला, साठाव्या वर्षाच्या स्पेशलमध्ये. आणि आला कसा? आजवर प्रत्येक जण आला तेव्हा आधीचा गेला होता. याच्या वेळी नियम बदलला, एकाचे दोन झाले, टेनंटचा डॉक्टर तिथेच राहिला, बागेत जेवायला बसला, आणि गाटवा टार्डिसची जुळी कॉपी घेऊन निघाला. मला तेव्हाच खटकलं होतं. टेनंटवर माझं प्रेम आहे, पण लोकांचा लाडका मागे जिवंत ठेवायचा आणि नव्याला म्हणायचं घे आता किल्ली, याला काय अर्थ आहे? वर दोन्ही पाय ठेवायला जागा मिळायच्या आत, पहिल्या सीझनच्या दोन भागांत तो जेमतेम दिसला, कारण दुसऱ्या एका सिरीजचं शूटिंग संपलं नव्हतं. सीझन केवढा, आठ भागांचा! त्यातले दोन असे गेले.

बरं, मिळालं तेवढ्यात त्याने काय केलं ते सांगते, कारण बातमीत त्याचा एक शब्द नाही. एका भागात तो लँडमाइनवर पाय ठेवून पूर्ण वेळ उभा आहे, हलायचं नाही, नुसता आवाज आणि डोळे. एका भागात लेगॉसमधलं केशकर्तनालय, गोष्टी सांगायच्या नाहीतर सुटका नाही, आणि तिथे हा पहिल्यांदा म्हणतो की या जागेत मला कोणी वेगळं समजत नाही. आणि तो एक भाग, ज्यात श्रीमंत गोऱ्या तरुणांची एक वसाहत राक्षसांच्या तोंडी जातेय, हा त्यांना वाचवायला यान उघडं ठेवून उभा आहे आणि ते त्याचा रंग बघून नको म्हणतात, मरायला जातात. त्यावर तो आधी हसतो, मग ते हसू फाटतं आणि किंचाळी होते. कारण कोणी उच्चारत नाही, त्यालाही लगेच कळत नाही, आपल्यालाही शेवटच्या दोन मिनिटांत कळतं की आपण आख्खा भाग त्या वसाहतीत एकही काळा चेहरा नाही हे न बघता बघत होतो. वीस वर्षांत या मालिकेत मी याच्या तोडीचे फार तर चार सीन बघितले असतील.

माझ्या मुलीचा हा पहिला डॉक्टर, अकरा वर्षांची आहे. फॅन लोकांची तक्रार होती की हा फार रडतो, दर भागाला डोळ्यात पाणी. तिला विचारलं तर म्हणाली, "आई, पण तो लपवत नाही ना." मी गप्प बसले.

आणि मग 31 मे 2025. आधी ना घोषणा ना काही, इंग्लंडच्या पेपरात अफवा होत्या तेवढ्याच. शेवटचा भाग, प्रचंड गर्दी, जुने खलनायक, हाडांचे राक्षस, एका लहान मुलीला वाचवायला डॉक्टर सगळं काळाचं चक्र जरासं सरकवतो आणि त्यात स्वतःचा जीव खर्च करतो. कल्पना सुंदर आहे हो, एका पोरीसाठी आख्खा जन्म टाकायचा, याहून डॉक्टरपणा काय असतो. पण तिथपर्यंत पोचेपर्यंत भाग संपत आलेला, त्यात मध्येच व्हिटेकरची डॉक्टर येऊन भेटून जाते, तिचा सीन मला आवडला तरी मनात आलं की अरे हा वेळ त्याचा आहे ना. मग टार्डिसचं दार उघडून एका ताऱ्याकडे बघत तो उजेडात विरघळतो, आणि उजेड ओसरतो तर समोर बिली पायपर, 2005 ची रोझ टायलर, म्हणजे याच मालिकेतली जुनी मैत्रीण. "ओह, हॅलो." कट.

आता मुद्दा. मॅट स्मिथ, कपाल्डी, व्हिटेकर, सगळ्यांच्या वेळी श्रेयनामावलीत आलं होतं की सादर करत आहोत अमुक अमुक, डॉक्टरच्या भूमिकेत. बिली पायपरच्या वेळी फक्त नाव, भूमिका काय ते नाही. म्हणजे ती डॉक्टर आहे की नाही हेच ठरलेलं नाही, म्हणून तुमच्या बातमीतलं "त्याच्या जागी आली" हे वाक्य आज तरी कोणालाच छातीठोकपणे लिहिता येत नाही. आणि परिणाम काय झाला? दुसऱ्या दिवशी सगळीकडे चर्चा एकच, बिली पायपर कोण, ती रोझ की डॉक्टर की अजून काही. ज्याने आत्ताच जीव दिला त्याचं नाव कोणी काढेना. पाहुण्याला दारापर्यंत सोडायला जायचं आणि वाटेत दुसराच कोणी दिसला म्हणून तिथेच गप्पा मारत उभं राहायचं, तसं. येताना टेनंट शेजारी, जाताना व्हिटेकर आणि पायपर शेजारी. दोन सीझन, दोन नाताळ स्पेशल आणि तो पहिला भाग धरून एकूण एकोणीस भाग, आणि यायचा जायचा क्षणसुद्धा पूर्ण त्याचा नाही. जुन्या डॉक्टरांपैकी टॉम बेकरला सात वर्षं मिळाली होती.

गाटवा स्वतः नंतर म्हणाला की हे काम फार थकवणारं आहे. असेलच, एवढ्या वर्षांत थकल्याशिवाय फार कोणी गेलेलं नाही, ट्राउटनने तर पुढे डॉक्टर झालेल्या पीटर डेव्हिसनला तीन वर्षांच्या वर राहू नकोस असा सल्लाच दिला होता. गाटवाच्या जाण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती मालिकेचा लेखक-निर्माता रसेल टी डेव्हिसवर, ज्या माणसाने 2005 मध्ये हा शो जिवंत केला, टेनंटला एवढा लांबलचक निरोप लिहिला, त्यानेच इथे कोडं टाकून वेळ मारून नेली. पुढचा सीझन होणार की नाही याचीच खात्री नव्हती, भागीदार असलेली डिस्ने काय करणार ते कळत नव्हतं, शेवटी ऑक्टोबर 2025 मध्ये डिस्ने बाहेर पडली हे बीबीसीने जाहीर केलं, हे सगळं समजतं मला. पण मग सरळ त्याला एकट्याला दहा मिनिटं द्यायची आणि उजेडावर भाग संपवायचा, चेहरा नंतर दाखवला असता तर काय बिघडलं असतं? 1989 मध्ये मालिका बंद पडायची वेळ आली तेव्हा ऐनवेळी मॅकॉयच्या आवाजात चार वाक्यं रेकॉर्ड करून शेवटाला जोडली होती, बस तेवढंच, त्यावर फॅन लोक 2005 पर्यंत जगले (मधल्या 1996 च्या एका टीव्ही फिल्मचा अपवाद).

जाता जाता एक. पीटर कपाल्डी पंधरा वर्षांचा असताना त्याने रेडिओ टाइम्स या साप्ताहिकाच्या संपादकांना या मालिकेबद्दल पत्र लिहिलं होतं, 1974 मध्ये ते छापून आलं, आणि चाळीस वर्षांनी तोच डॉक्टर झाला. माझं वय आता त्या लायनीत उभं राहायचं नाही, पण मुलगी हे पत्र टाईप होताना मागे उभी राहून वाचतेय आणि विचारतेय की नाताळात गाटवा परत दिसेल का, थोडासा तरी. मी म्हटलं माहीत नाही. ती म्हणाली मग मी जुने भाग परत पहिल्यापासून लावते, आणि आता लँडमाइनवाला लावून बसलीये.

आपली,
एक जुनी प्रेक्षक

ता.क. पुढच्या बातमीत पात्राचं नाव "डॉक्टर हू" लिहू नका, फक्त "डॉक्टर" लिहा. तुमची चूक तशी मोठी नाही, एकल्सटनच्या वेळीसुद्धा खुद्द श्रेयनामावलीतच तसं लिहून येत होतं, टेनंटने सांगितलं तेव्हा बदललं.