खांद्याला दहा दिवसांचा शेक पुरत नाही

महोदय,

‘खांदा धरलाय, शेक द्या,’ असं म्हणत माझ्याकडे येणाऱ्यांत चाळिशी-पन्नाशीच्या बायका जास्त असतात. वेणी घालता येत नाही, पाठीमागे हात जात नाही, लोकलमध्ये वरची कडी धरवत नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. दहा सिटिंगचे पैसे भरायचे, मशीन लावून घ्यायचं आणि दुखणं जरा उतरलं की यायचं बंद. मग काही महिन्यांनी हात खांद्याच्या वर जात नाही म्हणून पुन्हा येतात. फिजिओथेरपिस्ट म्हणून हे पाहताना फार वाईट वाटतं, कारण यातलं बरंचसं टाळता येतं.

फ्रोझन शोल्डरमध्ये, म्हणजे खांदा आखडण्याच्या आजारात, सांध्याभोवतीचं वेष्टन सुजतं, जाड होतं आणि आकसतं. आधी दुखण्याचा काळ, मग आखडण्याचा, मग हळूहळू सुटण्याचा. हे सगळं एक ते तीन वर्षं चालू शकतं. मधुमेह असणाऱ्यांत हा त्रास बराच जास्त आढळतो. म्हणून खांदा आखडला असेल आणि रक्तातली साखर कधी तपासलीच नसेल, तर ती आधी तपासून घ्यावी. हे मी प्रत्येकाला सांगते, ऐकणारे थोडे.

पण दुखणारा प्रत्येक खांदा फ्रोझन नसतो. दुसऱ्याने उचलला तरी हात वर जात नसेल, तर सांधा आखडलेला असण्याची शक्यता असते. दुसऱ्याने उचलल्यावर जातो, पण आपल्या ताकदीने जात नाही, असं असेल तर स्नायुबंध (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) दुखावलेला किंवा फाटलेला असू शकतो. दोन्हींचे व्यायाम वेगळे, म्हणून तपासणीशिवाय मशीन लावून घेण्यात अर्थ नाही. आणि खांद्याबरोबर छातीत दडपण, घाम, धाप असेल तर फिजिओथेरपिस्टकडे न येता थेट इस्पितळ गाठावं.

शेक, आयएफटी (सौम्य विजेच्या प्रवाहाचं मशीन), अल्ट्रासाऊंड (ध्वनिलहरींचं मशीन) यांनी काही जणांना तात्पुरता आराम पडतो, पण आकसलेलं वेष्टन त्याने सैल होत नाही. त्याला रोजचा व्यायाम लागतो. टेबलाचा आधार घेऊन वाकायचं आणि दुखरा हात लोंबता सोडून हलके झोके द्यायचे. भिंतीवर बोटांनी चढत जायचं. कोपर कमरेशी ठेवून काठीने हात बाहेरच्या बाजूला ढकलायचा. दुखणं जोरात असताना ओढाताण मुळीच करू नये. घरातलं कुणी जोर लावून हात वर ओढतं, ते तर नकोच. व्यायामानंतरची कळ रात्रभर टिकली, तर प्रमाण जास्त झालं असं समजावं.

ब्रिटनमध्ये फ्रोझन शोल्डरच्या ५०३ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. इंजेक्शनसह पद्धतशीर फिजिओथेरपी, भूल देऊन खांदा हलवणं आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांची त्यात तुलना होती. वर्षभराने रुग्णाला जाणवावा असा मोठा फरक तिन्हींत दिसला नाही. म्हणजे बहुतेकांनी शस्त्रक्रियेचा विचार करण्याआधी फिजिओथेरपीला पुरेसा वेळ द्यायला हरकत नाही. मात्र ‘पद्धतशीर’ हा शब्द महत्त्वाचा.

आणि पद्धतशीर उपचार मुंबईत परवडणार कुणाला? घरकाम करणारी, पोळीभाजी केंद्रात राबणारी बाई सकाळच्या ओपीडीसाठी भांडुपहून परळला आठवड्यातून दोनदा जाऊ शकत नाही. तेवढा पगार कापला जातो. खाजगी क्लिनिकचे पैसेही तिला जमत नाहीत. देशात फिजिओथेरपीचं शिक्षण १९५० च्या दशकात याच शहरात, परळच्या केईएम रुग्णालयात, सुरू झालं. दरवर्षी इथल्या महाविद्यालयांतून नवे पदवीधर बाहेर पडतात. महापालिकेचे ‘आपला दवाखाना’ संध्याकाळीही चालतात. तिथे आठवड्यातून निदान दोन संध्याकाळी फिजिओथेरपिस्ट बसवावा. महागडं यंत्र नको; एक टेबल, दोरी-कप्पी, काठी आणि मोकळी भिंत एवढं पुरेल. रुग्णाची नोंद ठेवावी आणि महिन्याने हात किती वर गेला ते मोजून बघावं. वॉर्डातल्या नगरसेवकांनी आणि पालिकेच्या आरोग्य खात्याने याचा विचार करावा, ही विनंती.

— एक फिजिओथेरपिस्ट, भांडुप