एका ‘सी’बद्दल आभार

आदरणीय ओएम,

वयाचा विचार न करता समोरच्याला ‘ओल्ड मॅन’ म्हणण्याची आपल्या हौशी रेडिओवाल्यांची रीत आहे, म्हणून हे संबोधन. एरवी मनात मी आपल्याला गुरुजीच म्हणतो. त्या रात्री 40 मीटर बँडवर आपली गाठ पडली ती जेमतेम 10 मिनिटे, आणि आपण ती लॉगमध्ये एका ओळीत नोंदवून कदाचित विसरलाही असाल. माझ्या कानात ती अजून वाजते आहे.

स्वतः जोडलेल्या 2 वॅटच्या ट्रान्समीटरवरून मी त्याआधी कित्येक आठवडे मोर्समध्ये सीक्यू, म्हणजे कोणीही उत्तर द्यावे अशी हाक, देत होतो. उत्तरे येत, पण ती मिनिटाला 20-25 शब्दांच्या वेगाने डोक्यावरून जात आणि हळू पाठवा म्हणून मी ‘क्यूआरएस’ अशी विनवणी केली की समोरचा दुसऱ्या कोणाकडे वळे. ज्यांनी थोडा वेळ दिला त्यांनी 599, म्हणजे स्पष्टता, जोर आणि सूर या तिन्हींत पैकीच्या पैकी, असा रिपोर्ट देऊन मला वाटेला लावले. एका जाणत्याने तर घरी सेट जोडण्याचा नाद सोडा आणि तयार घ्या, असे सुनावले. सेटमध्ये दोष आहे हे त्याला बहुधा कळले होते. कोणता, ते सांगण्याची तसदी मात्र त्याने घेतली नाही.

आपण माझ्याच चालीने, मिनिटाला 5 शब्दांनी, उत्तर दिलेत. त्या वेगात एकेक डिट, म्हणजे मोर्सचा ठिपका, जवळजवळ पाव सेकंद धरून ठेवावा लागतो आणि सराईत हाताला ते किती जड जात असेल, याचा अंदाज मला आता येतो. रिपोर्ट आला 557, आणि त्याच्या मागोमाग डा-डिट-डा-डिट, म्हणजे मोर्समधला ‘सी’. मी गोंधळून गप्प राहिलो. आपण क्षणभर वाट पाहिलीत आणि तेवढेच एक अक्षर पुन्हा, आधीपेक्षाही सावकाश, पाठवलेत. पेन्सिलीने दोनदा गिरवलेला तो ‘सी’ माझ्या वहीत अजून आहे.

सी म्हणजे चर्प, मोर्सची ‘की’ (कळ) दाबताच सूर पक्ष्यासारखा चिवचिवत सरकणे, हे मी त्याच रात्री शोधून काढले. फ्रिक्वेन्सी तयार करणारा ऑसिलेटर आणि ट्रान्समीटरची शेवटची पायरी एकाच सप्लायवर होत्या. कळ दाबली की व्होल्टेज खाली बसत असे आणि फ्रिक्वेन्सी घसरत असे. ऑसिलेटरला वेगळा स्थिर पुरवठा देऊन मध्ये दोघांना अलग ठेवणारा एक बफर घातल्यावर सूर सरळ झाला. दुरुस्ती किरकोळच होती, पण आठवडेच्या आठवडे मिळालेल्या त्या 599 रिपोर्टांनी तिची वाट अडवून धरली होती. मला न दुखावता, माझ्या वेगाला कमी न लेखता खरे ते सांगणारा माणूस मी या छंदात पहिल्यांदाच पाहिला. पाहिला तरी कसला, नुसता ऐकला.

आता मी 12 शब्दांपर्यंत पोहोचलो आहे. पुन्हा गाठ पडली तर रिपोर्ट तितकाच परखड द्यावा. वेग मात्र 10च्या आत ठेवलात तर उपकार होतील, कारण आपली कॉल साइन ऐकताच माझा हात थरथरणार आहे.

73 (म्हणजे आपल्या रेडिओच्या भाषेत शुभेच्छा),
आपला,
तो चिवचिवणारा