शनिवारची कार्यशाळा : वर्गासाठी मोफत ऑनलाइन साधने

सर्व शिक्षक बंधू-भगिनींना कळविण्यात येते की, येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ११.३० वाजता, कसबा बावड्यातील आपल्या केंद्रशाळेत प्राथमिक वर्गांसाठीच्या मोफत ऑनलाइन साधनांची कार्यशाळा होईल. दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरून पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड स्कॅन करणे आणि गूगल फॉर्म्सवर पन्हाळ्याच्या वेढ्यावर (१६६०) पाच प्रश्नांची चाचणी तयार करणे, एवढेच प्रत्यक्ष करून घेतले जाईल. दहा साधने नुसती पाहण्यापेक्षा दोनच नीट हातात बसलेली बरी.

१. दीक्षा ॲप घरूनच डाउनलोड करून यावे. गेल्या वेळी अर्धा तास पडद्यावर गोल चक्रच फिरत होते.

२. चौथीचे शिवचरित्राचे पुस्तक सोबत आणावे.

३. चाचणीत मुलांचे नाव किंवा पालकांचा मोबाइल क्रमांक मागू नये, हजेरी क्रमांक पुरेसा आहे.

येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत याच गटावर कळवावे.