निकालावरून निर्णय जोखू नये

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील ब्रिजच्या सदरात गेल्या आठवड्यात सांघिक सामन्यातील 3 नो ट्रम्पच्या (हुकमाशिवाय तेरापैकी नऊ हात करण्याच्या बोलीच्या) एका डावाचे विश्लेषण आले होते आणि त्यात दहा हात करणाऱ्या डिक्लेररची (बोली जिंकून डाव खेळणाऱ्याची), त्याने चौकटची राणी अचूक हुडकली म्हणून, भरभरून वाखाणणी होती. राणी सापडली हे खरे. पण ज्या मार्गाने ती शोधली तो मार्ग सांघिक सामन्यात चुकीचा होता, आणि चौघांचीही पाने एकदम छापल्यामुळे ही चूक वाचकाच्या नजरेस पडण्याचा संभवच उरला नाही, म्हणून हे पत्र.

दोन्ही बाजू व्हल्नरेबल होत्या, म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही वाढीव. दक्षिणेकडे इस्पिक एक्का-6-5, बदाम एक्का-7-4, चौकट एक्का-गुलाम-10-4 आणि किलवर राजा-6-3 अशी 16 गुणांची (एक्का 4, राजा 3, राणी 2, गुलाम 1) पाने होती आणि त्याने 1 नो ट्रम्पने सुरुवात केली. पश्चिमेने 2 बदाम म्हटले. उत्तरेकडे इस्पिक राजा-7-4-2, बदाम 5-2, चौकट राजा-9-8-3 आणि किलवर एक्का-राणी-7 होते. तिने 3 बदाम अशी प्रतिपक्षाच्याच रंगाची बोली करून भिडूकडे चार इस्पिक आहेत का, याची चौकशी केली आणि दक्षिणेने 3 नो ट्रम्पवर बोली थांबवली. सदरात ही बोली एका ओळीत उरकली आहे. वास्तविक उत्तरेची ही चौकशीच या डावातील सर्वांत शहाणपणाची बोली होती, पण तो मुद्दा बाजूला ठेवतो.

पश्चिमेने बदामाच्या राजाची उतारी केली. दक्षिणेने दोन वेळा बदाम सोडले आणि तिसऱ्यांदा एक्क्याने हात घेतला, तेव्हा पूर्वेने इस्पिकचे पान टाकले. म्हणजे बदाम पश्चिमेकडे सहा आणि पूर्वेकडे दोनच होते. या क्षणी इस्पिकचे दोन, बदामाचा एक, किलवरचे तीन आणि चौकटचे दोन असे आठ हात खात्रीचे आहेत, आणि नववा चौकटमधूनच काढायचा आहे. चौकटची राणी दोन्ही बाजूंनी फिनेस करता येते, म्हणजे ती पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे आहे असे धरून तिला हात न देता पकडण्याचा प्रयत्न करता येतो. पश्चिमेची सहा पाने बदामाची असल्याने तिच्याकडे इतर रंगांची सातच पाने उरतात, पूर्वेकडे मात्र अकरा. तेव्हा राणी पूर्वेकडे असण्याची शक्यता अठरात अकरा, म्हणजे सुमारे 61 टक्के. डिक्लेररने हा हिशेब केला, चौकट डमीच्या, म्हणजे उत्तरेच्या उघड्या पानांतील, राजावर नेली, तिथून 9 खेळून पूर्वेच्या राणीला कोंडीत पकडले आणि सदरलेखकाने शाबासकी दिली.

हिशेब बरोबर आहे, प्रश्न मात्र चुकीचा विचारला गेला. राणी पश्चिमेकडे निघाली असती तर तिने राणीचा हात घेऊन उरलेले तिन्ही बदाम वाजवून घेतले असते आणि डाव दोन हातांनी बुडाला असता. याउलट, बदामाचा एक्का घेताच हातातून चौकटचा गुलाम खेळून तो तसाच सोडून दिला असता, तर राणी पूर्वेकडे असली तरी पूर्वेजवळ परतीला बदामच नव्हता. बाकी काहीही खेळले तरी नऊ हात पक्के होते. राणी कुठे आहे हे ओळखण्याची गरजच नव्हती, फक्त ती कोणाच्या हाती गेलेली परवडते एवढे ठरवायचे होते. सदरात ज्याला कौशल्य म्हटले आहे त्याची किंमत पाहा: यशस्वी झाल्यास 600 ऐवजी 630, म्हणजे सांघिक गुणांत (ज्यांत गुणांचा फरक रूपांतरित होतो) 1 आयएमपी, फसल्यास (तेव्हा गुलाम सोडून दहा हात झाले असते) 630 ऐवजी उणे 200, म्हणजे 830 गुणांचा फरक आणि 13 आयएमपीचा खड्डा. शिवाय बदामाचे राजा, राणी, गुलाम धरूनही पश्चिमेचे सहाच गुण होतात, आणि तेवढ्यावर व्हल्नरेबल असताना दुसऱ्या पातळीवर तोंड उघडणारे खेळाडू थोडे. म्हणून राणीचे पारडे पश्चिमेकडेही काहीसे झुकते आणि 61 हा आकडा दिसतो तितका भरवशाचा राहत नाही. जोड्यांच्या मॅचपॉइंट स्पर्धेत, जिथे एका जादा हाताने सगळा गुणक्रम पालटतो, तिथे मी कदाचित त्या डिक्लेररच्या बाजूने वाद घातला असता. सदरातील गुणगानाच्या ओघात मात्र हा फरक कुठेच येत नाही.

हीच गफलत उलट्या दिशेनेही होते. त्याच सदरात त्यापूर्वी 4 इस्पिकचा (इस्पिक हुकूम, दहा हात) एक डाव 'अतिबोली' म्हणून निकालात काढला होता, कारण हुकमाची प्रतिपक्षाकडील पाच पाने 4-1 अशी विभागली गेली. पाच पाने 3-2 पडण्याची शक्यता 68 टक्के असते आणि त्या डावाला तेवढेच पुरेसे होते. हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी 1925 मध्ये बोली केलेल्या हातांनाच गेमचे (मोठ्या बक्षिसाच्या टप्प्याचे) श्रेय देणारी गुणपद्धती बेतली, तेव्हापासून न केलेल्या बोलीलाही किंमत मोजावी लागते. व्हल्नरेबल असताना 4 इस्पिक बोलून केल्यास 620, 2 इस्पिक बोलून तेवढेच हात केल्यास 170. हा फरक 10 आयएमपीचा. एका हाताने बुडाल्यास गमावतो ते 6. म्हणजे 38 टक्क्यांच्या आसपास शक्यता असली तरी गेमची बोली सांघिक सामन्यात परवडते, आणि 68 टक्क्यांच्या डावाला हाव म्हणणे हा खेळाडूवर अन्याय आहे.

माझी सूचना अशी की, सदरात आधी फक्त डिक्लेरर आणि डमीची पाने, बोली, उतारी आणि स्पर्धेचा प्रकार द्यावा. डिक्लेररने काय करावे याचा ऊहापोह तेवढ्यावरच करावा. आणि प्रतिपक्षाची पाने मजकुराच्या शेवटी किंवा पुढील अंकात छापावीत. जागेची अडचण असल्यास अशा दोन डावांऐवजी एकच दिला तरी चालेल.

कळावे.

आपला,
एक नियमित वाचक