सेक्रेटेरियटचं नाव फुकटचं नाही, पण लोक सांगतात त्या कारणानं नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पत्रांच्या पानावर चिकोडीकडच्या एका वाचकांनी लिहिलंय की अमेरिकेचा तो सेक्रेटेरियट घोडा म्हणजे सगळी हवा, पाच घोड्यांच्या शर्यतीत एकदा लांब सुटला आणि त्या एका दिवसावर पन्नास वर्षं नाव खातोय. इकडं निपाणीत आमच्या चहाच्या टपरीवर तेव्हापासून दुसरा विषय नाही, निम्मे त्यांच्या बाजूचे, निम्मे विरुद्ध, आणि कानडी बोलणारे दोघं-तिघं दोन्हीकडं ‘हौदु हौदु’ (हो हो) करून मजा बघणारे. मला घोड्यांचा नाद जुना, जत्रेतल्या घोडागाडीचाही आणि नोकरीला पुण्यात होतो तेव्हा तिथल्या रेसकोर्सचाही (बघण्याचा हं, लावण्याचा नाही, घरी पेपर सगळे वाचतात), तेव्हा म्हटलं आपणच चार ओळी लिहाव्यात.

आधी चिकोडीकरांचं जे खरं आहे ते खरंच म्हणतो. हा घोडा आयुष्यात २१ वेळा पळाला, त्यातल्या १६ जिंकला. म्हणजे पाच वेळा नाही जिंकला. पहिल्याच शर्यतीत, ४ जुलै १९७२ ला, सुटतानाच धक्का बसला आणि चौथा आला. शॅम्पेन स्टेक्समध्ये पहिला येऊन आडवा गेला म्हणून पंचांनी खाली दुसरा टाकला. डर्बीच्या आधी वुड मेमोरियलला तिसरा, आणि त्याच्या पुढं गेलेला अँगल लाइट हा तर त्याच्याच ट्रेनरचा, लुसियन लॉरिनचा घोडा. आणि मग ट्रिपल क्राउन, म्हणजे केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही मोठ्या शर्यती मारून झाल्यावर, सगळं जग डोक्यावर घेऊन नाचत असताना, ऑगस्ट १९७३ मध्ये साराटोगाला ओनियनकडून हरला आणि सप्टेंबरात वुडवर्ड शर्यतीत प्रूव्ह आउटकडून हरला. ते दोन्ही घोडे ॲलन जर्कन्स नावाच्या एकाच ट्रेनरचे, मोठ्यामोठ्यांना पाडतो म्हणून त्या माणसाची ख्यातीच होती. वुड मेमोरियलच्या वेळी तोंडात गळू होतं, साराटोगाला अंगात ताप होता असं सांगतात, असेलही, पण आपल्या जत्रेत हरलेल्या गाडीवानाचं ऐका, त्याच्या घोड्यालाही दर वेळी काहीतरी झालेलंच असतं. हरला म्हणजे हरला, ते पाच आकडे पुसायचे नाहीत.

पण म्हणून हवा? तिथं माझं नि त्यांचं जमत नाही.

लोक कायम सांगतात ते ३१ लेंग्थचं. ९ जून १९७३, बेलमाँट, दीड मैल, दुसऱ्या नंबरचा ट्वाइस अ प्रिन्स ३१ घोडे लांबीनं मागं, म्हणजे पाऊणशे मीटर धरा. फोटो तुम्ही बघितला असेल, जॉकी रॉन टर्कॉट मान वळवून बघतोय आणि मागं कुणीच नाही. आता मी म्हणतो हा ३१ चा आकडा बाजूला ठेवा. कारण अंतर हे तुमच्यावर कमी आणि मागच्यावर जास्त अवलंबून असतं. आमच्याकडं चिकोडी, अथणी, रायबाग पट्ट्यात जत्रेला घोडागाड्या सुटतात तेव्हा मी कितीदा बघितलंय, दोन नंबरच्या गाडीचा घोडा मध्येच बिथरला, रस्ता सोडून गर्दीकडं गेला, की पहिली गाडी एकटीच येते आणि दुसऱ्या दिवशी गावभर ‘एवढ्या अंतरानं मैदान मारलं’. मारलं खरं, पण कुणाला मारलं? बेलमाँटलाही तेच झालं होतं थोडं. शॅम हा खरा तगडा घोडा, डर्बीला आणि प्रीकनेसला दोन्हीकडं दुसरा आलेला, तो सुरुवातीलाच सेक्रेटेरियटच्या खांद्याला खांदा लावून पळाला, पहिला पाऊण मैल दोघांनी १ मिनिट १० सेकंदांच्या आत काढला, दीड मैलाच्या शर्यतीत हा वेग म्हणजे आत्महत्याच असं बघणाऱ्या जाणकारांना वाटलं, आणि शॅमच्या बाबतीत ते खरंही ठरलं, तो मोडला आणि पाचात पाचवा आला. म्हणजे झुंज देणारा एकच होता आणि तो अर्ध्यात संपला. मग ३१ नाही तर काय होणार.

आता घड्याळ बघा. घड्याळाला मागचा घोडा कोण ते कळत नाही. २ मिनिटं २४ सेकंद. त्याच्या आधीचा तिथला विक्रम गॅलंट मॅनचा, २ मिनिटं २६ आणि तीन पंचमांश. अडीच सेकंदांच्या वर एका दिवसात खाली आणलं, आणि घोड्यांच्या शर्यतीत विक्रम मोडतात ते पंचमांश सेकंदानं. त्यानंतर ईझी गोअर आला, ए. पी. इंडी आला, दोघंही २ मिनिटं २६ ला आले आणि दोघांना लोकांनी डोक्यावर घेतलं. म्हणजे बघा, इतर मोठ्या घोड्यांचा आयुष्यातला सगळ्यात भारी दिवस सेक्रेटेरियटच्या दोन सेकंद मागं. मातीच्या ट्रॅकवर दीड मैल त्या वेळेत आजपर्यंत दुसरा कुणी पळालेला नाही.

यावर टपरीवर एकानं चांगला मुद्दा काढला, की त्या दिवशी ट्रॅकच कडक आणि फास्ट असणार, आपल्याकडं पण पाऊस होऊन वाळलेल्या रस्त्यावर गाडी वेगळीच पळते. बरोबर आहे. पण मग तो ट्रॅक बाकीच्या चौघांना पण तोच होता ना? ट्वाइस अ प्रिन्स ३१ लेंग्थ मागं म्हणजे पाच-सहा सेकंद मागं, म्हणजे २ मिनिटं २९-३० च्या आसपास. ही बेलमाँटची अगदी नेहमीची वेळ आहे, कित्येक वर्षी जिंकणारा घोडाच एवढ्यात येतो. म्हणजे ट्रॅकनं कुणाला पंख दिले नव्हते. बाकीचे नेहमीसारखे पळाले आणि एकटा हाच वेगळा पळाला. ३१ आकड्याचा काही उपयोग असेल तर तो हा एवढाच, बाकी त्याच्यावर भाळण्यासारखं काही नाही.

आणि माझ्या मतानं बेलमाँटपेक्षा पण भारी केंटकी डर्बी, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. सव्वा मैल, १ मिनिट ५९ आणि दोन पंचमांश सेकंद. त्याचे पाव-पाव मैलाचे तुकडे करा: पहिला पाव मैल २५ सेकंदांच्या थोडा वर, दुसरा २४, तिसरा २४ च्या जरा आत, चौथा २३ च्या थोडा वर, आणि पाचवा बरोबर २३. दर पाव मैलाला वेग वाढलाय! ज्यानं कधी घोडा पळताना जवळून बघितलाय त्याला हे वाचून विश्वासच बसणार नाही. कुठलाही घोडा, आपला असो की त्यांचा, शेवटाला येताना ढिला पडतो, जिंकणारा म्हणजे इतरांपेक्षा कमी ढिला पडलेला एवढंच असतं. त्यात ह्याचा बाप बोल्ड रुलर, त्याची पिल्लं लांब पल्ल्याला टिकत नाहीत असं तिथले जाणते आधीपासून म्हणत होते. ह्यानं उलटंच करून दाखवलं. तेव्हापासून डर्बी दोन मिनिटांच्या आत जिंकणारा अधिकृत घोडा अजून एकच, २००१ चा मोनार्कोस, तो पण जेमतेम.

आता घड्याळ घड्याळ म्हणतोय तर घड्याळाचीच गंमत सांगतो, कारण चिकोडीकर म्हणतील की घड्याळ तरी कुठं खरं असतं. नसतंच! मधल्या प्रीकनेसला इलेक्ट्रिक घड्याळानं १ मिनिट ५५ दाखवलं. तिथं हातात स्टॉपवॉच घेऊन बसलेले लोक म्हणाले छे, १ मिनिट ५३ च्या आसपास. मग दोन-तीन दिवसांत अधिकृत वेळ बदलून १:५४ आणि दोन पंचमांश केली, जी कुणालाच पटली नाही. हे भांडण चाललं किती वर्षं? ३९. मालकीण पेनी चेनरी बाईंनी शेवटपर्यंत पाठ सोडली नाही, आणि २०१२ मध्ये मेरिलँडच्या रेसिंग कमिशननं जुन्या टेप्स काढून, दुसऱ्या वर्षांच्या शर्यतींच्या शेजारी लावून मोजलं आणि १ मिनिट ५३ सेकंद वेळ मान्य केली. घोडा तोवर मरून तेवीस वर्षं झाली होती. तर हवा असती ना, तर हे प्रकरण उघडल्यावर हवा निघाली असती. जितकं नीट मोजलं तितका घोडा वेगवानच निघाला. तिन्ही मोठ्या शर्यतींचे विक्रम अजून त्याच्याच नावावर आहेत, १९७३ पासून, आणि मधल्या काळात खुराक, औषधपाणी, ट्रॅक, नाल, सगळं किती बदललं.

काळजाबद्दल पण लिहायला पाहिजे कारण व्हॉट्सॲपवर तेच फिरतंय, ‘दहा किलो काळजाचा घोडा’. ४ ऑक्टोबर १९८९ ला खुराच्या दुखण्यामुळं, लॅमिनायटिस म्हणतात त्याला, इंजेक्शन देऊन त्याला शांत केलं, आणि तपासणी करणारे डॉक्टर स्वेर्चेक यांनी एवढं मोठं हृदय कधी बघितलं नाही असं सांगितलं. पण ते त्यांनी वजन केलेलं नाही! नंतर शॅम मेला तेव्हा त्याचं हृदय मात्र वजन केलं, ते १८ पौंड भरलं, म्हणजे आठ किलोच्या वर, आणि त्यावरून अंदाज बांधला की सेक्रेटेरियटचं २२ पौंड असावं. साध्या घोड्याचं चारेक किलो असतं. तर हा अंदाज आहे, फॉरवर्ड करणाऱ्यांनी तेवढं ध्यानात घ्यावं. आणि काळजावरच सगळं असतं तर शॅमचं पण दुप्पट होतंच की, तो का मागं राहिला?

माझ्या लेखी खरा कच्चा दुवा एकच, आणि नवल म्हणजे चिकोडीकरांनी तोच सोडलाय. वजन. रेसकोर्सच्या हँडिकॅप शर्यतीत भारी घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात, खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या घालून, म्हणजे हलक्या घोड्यालाही संधी राहते. महालक्ष्मीला, पुण्याला हेच चालतं. ट्रिपल क्राउनला मात्र सगळ्या नरांना सारखंच, १२६ पौंड, सत्तावन्न किलो. सेक्रेटेरियट तीन वर्षांचा असतानाच रिटायर झाला, कारण १९७३ चा सीझन सुरू व्हायच्या आधीच त्याचे ३२ शेअर पाडून ६० लाख ८० हजार डॉलरला विकले होते आणि करारातच होतं की वर्षाअखेर पैदाशीला पाठवायचा. पाठीवर मोठं वजन घेऊन थोराड घोड्यांशी वर्षानुवर्षं झुंजणं त्याच्या वाट्याला आलंच नाही. त्याच डर्बीत चौथा आलेला फोरेगो, तो पुढं कित्येक वर्षं पळाला आणि १९७६ ला १३७ पौंड घेऊन मार्लबरो कप मारला. ऑस्ट्रेलियाचा फार लॅप १९३१ च्या मेलबर्न कपला ६८ किलो घेऊन पळाला आणि आठवा आला, तरी तिकडं त्याला देव मानतात. ही परीक्षा सेक्रेटेरियटनं दिली नाही. नापास झाला असं नाही, पेपरलाच बसवला नाही, मालकांच्या हिशोबापायी. ‘सर्वकाळातला सर्वश्रेष्ठ’ असं कुणी लिहिलं की मी म्हणूनच अडतो. ‘सर्वात वेगवान’ म्हणा, माझी सही घ्या.

बाकी पैदाशीला फुसका निघाला वगैरे जे चिकोडीकरांनी लिहिलंय ते अर्धंच आहे. पोरांनी अपेक्षेइतकं केलं नाही हे खरं, तरी लेडीज सीक्रेट आणि रिझन स्टार त्याचीच. आणि त्याच्या मुलींच्या पोटी स्टॉर्म कॅट, ए. पी. इंडी, गॉन वेस्ट झाले, म्हणजे लेकीच्या पोरांनी आजोळचं नाव काढलं. गवतावर पण तो दोनदा पळाला आणि दोन्ही जिंकला, शेवटची तर कॅनडात जाऊन, आणि तेव्हा पाठीवर टर्कॉट पण नव्हता, त्याच्यावर बंदी होती म्हणून एडी मेपल बसला होता. एका दिवसाचा घोडा असं करत नाही.

शेवटी, संपादक साहेब, एक तुमच्याकडं मागणं. जत्रांचा सीझन आला की तुमचे वार्ताहर घोडागाडी-बैलगाडीचे निकाल पाठवतात, त्यात पहिला कोण, बक्षीस किती, उद्घाटनाला कोण पुढारी, फेटा कुणी बांधला सगळं असतं. पल्ला किती होता आणि वेळ किती लागली हे कधीच नसतं. मागच्या वर्षीची गाडी भारी का या वर्षीची यावरून आमच्याकडं डोकी फुटायची वेळ येते आणि पुरावा म्हणून कुणाकडं काही नाही, जो मोठ्यानं ओरडेल त्याचा घोडा भारी. प्रत्येक वार्ताहराच्या मोबाईलमध्ये स्टॉपवॉच आहे. यंदापासून निकालाखाली एवढी एक ओळ छापा, आणि जागा कमी पडत असेल तर पुढाऱ्यांची नावं दोन कमी करा.

आणि चिकोडीकरांनी फोरेगोवर पत्र लिहावं, मी वाट बघतोय.

आपला,
एक जुना वाचक,
निपाणी, जि. बेळगाव